दलियातला किडा

माणसांची नावं विसरायची आणि किड्यांची पाठ ठेवायची, ही आमच्या ह्यांची रीत. माझ्या आत्तेभावाला त्यांनी एकाच लग्नात दोनदा "आपण कोण?" म्हणून विचारलं; पण सुरतेजवळच्या कामरेजला उसाच्या बांधावर बसलेला चतुर मात्र लांबून ओळखायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुरतेतल्या किड्यांची मराठी वेबसाइट काढली. दर रविवारी स्कूटरवर पुढे विनायकराव, मागे मी, मांडीवर चहाचा थर्मास. ते कॅमेरा घेऊन गवतात पालथे पडायचे आणि मी येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत बसायची, "नाही हो, चक्कर नाही आली."

मागच्या दिवाळीनंतर हे गेले. साइट होती तशीच राहिली.

परवा योगेंद्रचा फोन आला. कीटकांवरच्या उत्तम वेबसाइटींचा दरवर्षी सन्मान करणारं एक निसर्गमंडळ आहे, त्याचा हा परीक्षक. म्हणाला, "काकू, काकांची साइट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. फोटो स्वतःचे, जागा लिहिलेली, तारीख लिहिलेली. आणि ओळख पटली नाही तिथं सरळ 'माहीत नाही' लिहिलंय. असं कोणी लिहीत नाही हो! पण आमचा नियम आहे. वर्षभरात एक तरी नवी नोंद लागते, नाहीतर साइट बंद पडलेली धरतात. रविवारपर्यंत मुदत आहे."

बंद पडलेली! माझं डोकंच फिरलं. माणूस गेला तो गेला, आता त्याचं कामही गेलं म्हणणार?

आमची लेक अर्चना बेंगळुरूला असते. ती म्हणाली, "आई, नेटवरून एखादं फुलपाखरू उचलते आणि टाकून देते." मी तिला फोनवरच झापलं. बापाने जन्मात कुणाचा फोटो ढापला नाही आणि ही निघाली त्याच्या नावावर ढापायला!

नोंद मीच करायची ठरवलं. पण गुडघे आता कामरेजला जायचे राहिले नाहीत. उरलं स्वयंपाकघर. तिथला एकही किडा साइटवर नाही, कारण मीच बंदी घातली होती. एकदा ह्यांनी माझ्या गव्हाच्या चाळणीत कॅमेरा घातला, तेव्हा म्हटलं होतं, "कळू दे आपल्या सगळ्या खान्देशाला, विजयाच्या गव्हात किडे!" माझं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. पण अडला हरी.

आयुष्यात पहिल्यांदा किडा शोधायला निघाले आणि मेला एक मिळेना. गव्हाची कोठी उपसली. शेजारच्या कुंदनबेन दारात उभ्या राहून हसायला लागल्या. "विजयाबेन, दिवेल दीधेला घउंमां जीवात ना पडे!" खरंच की, दिवेल लावलेल्या गव्हात किडा कुठून पडणार! सुरतेत आल्यावर त्यांनीच मला वर्षाच्या गव्हाला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवायला शिकवलं होतं. माझा नीटनेटकेपणा माझ्याच मुळावर आला. तांदूळ स्वच्छ, डाळी स्वच्छ.

मग वरच्या फळीवरचा दलियाचा, म्हणजे भरडलेल्या गव्हाचा, डबा हाताला लागला. दलिया घरात फक्त हे खायचे, सकाळी दुधात शिजवून. ते गेल्यापासून मी तो डबा उघडलाच नव्हता. झाकण काढलं तर आत सगळं हलत होतं. जन्मभर किडा दिसला की किंचाळणारी मी, त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांच्या वाटणीचं कुणीतरी खात होतं, आणि मला ते टाकवेना.

कुंदनबेननी ताटली धरली, मी मोबाइलवर फोटो काढला. खाली लिहिलं : सोंडकिडा, दलियाच्या डब्यात, आमचं स्वयंपाकघर, सुरत. अर्चनाने ते साइटवर चढवलं.

रविवारी योगेंद्रचा फोन. आवाज जरा चाचरत होता. "काकू, नोंद पोचली. फोटो झकास आलाय. पण... सोंडकिड्याला सोंड असते. ह्याला नाहीये. हा तांबडा भुंगेरा आहे, पिठा-रव्यात होतो तो."

मला आधी राग आला. मग रडू फुटलं, ते आवरेना. ही चूक ह्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत पकडली असती आणि दिवसभर मला चिडवलं असतं. माझं चुकलं असं सांगणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

"काकू, रडू नका. चूक सुधारली की झालं. सन्मान पक्का आहे," योगेंद्र घाबरून म्हणाला. "फक्त सन्मानपत्रावर नाव... आधी 'कैलासवासी' लिहू ना?"

मी डोळे पुसले. "लिही बाबा. गेलेत ते, मला ठाऊक आहे. पण त्यांच्याखाली माझंही नाव घाल. पुढच्या वर्षी नोंद कुणाकडे मागायची, ते तुमच्या मंडळाला कळायला हवं."