महाराजांची हिरवळ लाल का नाही?

भर दुपारी सभागृहाचे पडदे ओढले, दिवे मालवले, समोरच्या पांढऱ्या कापडावर चित्र उमटलं आणि पहिल्या रांगेतल्या शिंपीणकाकू किंचाळल्याच, "अगं बाई, रक्त!"

आकाशातून टिपलेलं गाव होतं ते. रस्ते राखाडी, छपरं राखाडी, पण ओढ्याकाठचे मळे, शाळेमागची झाडी, बागा, सगळं लालभडक. कुणी लाल शाईची दौत उपडी करावी तसं. गर्दीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"भिऊ नका, लेकरांनो," मठाचे महाराज म्हणाले. आवाज असा तुपाळ की कान पुसावेत. "हे आकाशस्थ नेत्राचं दर्शन आहे. जिथे लाल, तिथे धरणीचा कोप! जिथे निळं, तिथे शांती! आता निळं कुठे आहे ते तुम्हीच बघा."

त्यांची काठी फिरत फिरत मठावर थांबली. मठासमोरचं मैदान निळसर राखाडी दिसत होतं. हीच ती गाजलेली हिरवळ! बारा महिने हिरवीगार, ना पाणी लागे ना खत, ना कधी कापावी लागे. भोवती दोरी आणि दोरीला पाटी, 'पवित्र हिरवळ. पाऊल ठेवू नये.' लोक लांबूनच नमस्कार करत.

मग काठी सरकली आणि सगळ्यात लाल कोपऱ्यावर टेकली. "ही बाग कुणाची?"

भाचीला घेऊन आलेली मावशी उभी राहिली. "माझी," ती म्हणाली.

"तुमचे यजमान अचानकच गेले ना, बाई?" महाराजांनी मान हलवली. "हाच कोप. उद्याच्या उद्या सगळी झाडं तोडा. लाकूड मठात आणा, आम्ही शांत करू." कडेला बसलेल्या वखारवाल्याने लगेच सांगितलं, करवती तयार आहेत. वखारवाला महाराजांचा सख्खा मेहुणा. पण हा योगायोग कुणाला दिसेल तर शपथ! उलट मागून सगळे ओरडू लागले, "तोड, तोड!"

"तोडते, महाराज," मावशी पुटपुटली. तिच्या यजमानांनी एकेक रोप स्वतःच्या हाताने लावलं होतं. ते गेल्यापासून ती घरात कमी आणि बागेत जास्त राहायची.

शेजारी बसलेल्या भाचीचं डोकं भणभणलं. ही भाची कॉलेजात उपग्रहाची चित्रं वाचायला शिकत होती. तिला सगळे 'वणवा' म्हणत आणि त्याचं कारण मोठं नामुष्कीचं होतं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मॅडमनी पडद्यावर असंच लाल चित्र लावलं, तेव्हा ही ताडकन उठून ओरडली होती, "मॅडम, वणवा लागलाय, कुणाला तरी कळवा!" वर्ग पोट धरून हसला. मॅडमही हसल्या आणि मग म्हणाल्या, "चित्र बघून घाबरायचं नाही. जागेवर जाऊन बघायचं." टोपणनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वणवा उठली. "महाराज, एक शंका आहे."

"विचार, बालिके."

"आधी त्या पडद्याच्या यंत्राचा रिमोट द्या. आणि मंडळी, मोबाईलचा कॅमेरा याच्या टोकावर धरा." तिने बटण दाबलं. "नुसत्या डोळ्यांना काही दिसतंय?"

"काही नाही!"

"मोबाईलमध्ये?"

"अरेच्चा! जांभळा ठिपका लुकलुकतोय!" न्हावीदादा ओरडले. ज्यांच्या मोबाईलवर दिसला नाही, ते शेजाऱ्याच्या मोबाईलवर डोकावले.

"काय कोप झाला हो रिमोटवर?" वणवेने विचारलं. हशा पिकला. "हा उजेडच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. उन्हात असतो तो. हिरवं, टवटवीत पान हा उजेड भरपूर परत फेकतं आणि उपग्रहाचा कॅमेरा तो टिपतो. आता न दिसणारी गोष्ट पडद्यावर दाखवायची कशी? म्हणून तिला लाल रंग देतात. देतात म्हणजे माणसंच देतात! लाल म्हणजे जिवंत झाडं, महाराज. हे चित्र कुणालाही इंटरनेटवर फुकट मिळतं."

महाराज खाकरले. "बालबुद्धी!"

"असेल. पण मग तुमची हिरवळ लाल का नाही?"

महाराजांनी काठी खाली घेतली.

"तिथे... तिथे आमचं तप आहे!"

"मग जागेवर जाऊन बघू या की!"

मठ समोरच, रस्ता ओलांडला की आला. शिष्य आडवे झाले, पण दोरीखालून वाकून सगळ्यात आधी आत शिरली ती मावशी. जन्मभर मातीत हात घातलेली बाई ती. तिने एक पातं उपटायला धरलं, ते तुटेना. बोटांत चोळलं, ओल नाही, वास नाही. मग तिने कडेला बोटं घालून जोर लावला आणि सतरंजीचं टोक उचलावं तशी पवित्र हिरवळ वर आली. खाली सिमेंट!

"प्लॅस्टिक!" शिंपीणकाकू म्हणाल्या. "मेल्या, आणि मी रोज हिला हात जोडत होते!"

"महाराज, धुवायला टाकायची का हो?" मागून कुणीतरी विचारलं. महाराजांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. वखारवाला मेहुणा कधी पसार झाला ते कळलंही नाही.

मावशी मात्र हसत नव्हती. हातातलं टोक तसंच धरून तिने विचारलं, "म्हणजे... हे बागेमुळे गेले नाहीत?"

वणवा तिच्याशेजारी वाकली. "नाही गं मावशी. काकांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना आपल्याला? बागेने कुणाचं काही वाईट केलेलं नाही."

मावशी मटकन खाली बसली आणि मनसोक्त रडली. शिंपीणकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. थोड्या वेळापूर्वी हेच लोक तिला 'तोड, तोड' म्हणत होते.

तर मंडळी, चित्र खरंच होतं, त्याचा अर्थ सांगणारा लबाड होता. कुणी असं काही दाखवून भीती घालू लागला, तर हात जोडण्याआधी प्रश्न विचारा आणि दोरी ओलांडून स्वतः बघा. फार शिकायला लागत नाही त्याला.

संध्याकाळी मावशीने भाचीला हाक मारली. "वणवे, ते लाल चित्र मोठं छापून मिळेल का गं?"

"मिळेल की. कशाला?"

"यांच्या फोटोशेजारी लावायचंय," मावशी डोळे पुसत म्हणाली. "अख्ख्या गावात सगळ्यात लाल कोपरा यांनी लावलाय, बघू देत सगळ्यांना."