विंगेतला आवाज

"खरा नट रंगभूमी सोडतो तो मेल्यावरच!" असं दादा प्रत्येक सत्कारात गरजायचे. शब्दाला जागले म्हणायचे, कारण सिनेमात त्यांना मिळालेली पहिली भूमिका प्रेताची होती.

"दादा, नुसतं पडून राहा. हललात तर उद्या दुसरं प्रेत आणीन," दिग्दर्शिकेने बजावलं.

कॅमेरा सुरू झाला, सगळे चिडीचूप झाले आणि भिंतीमागून कुजबुज आली, "बोल ना, गाढवा!"

आवाज मास्तरांचा होता. जन्मभर विंगेतून दादांना विसरलेली वाक्यं पुरवणारे मास्तर गेल्या वर्षीच वारले होते.

कुजबुज ऐकू आली की बोलायचं, ही दादांची उभ्या जन्माची सवय. ओठ थरथरू लागले तसे त्यांनी दात आवळले.

"मास्तर, यात मला वाक्य नाही हो," ते मनातल्या मनात काकुळतीला आले. "ही भूमिका गेली तर या वयात मला पुन्हा कोण विचारतंय?"

पावलं जवळ आली. कानाशी थंडगार श्वास लागला.

"वाक्यच नाही? मग माझं इथे काय काम!" मास्तरांनी उसासा टाकला. "बरं, जरा सरक. उभं राहून राहून पाय भरून आलेत."