‘गप्पा’ या रकान्यात शून्य

आता फोन हातातच असतो, त्यामुळे हे सांगितलं की माझी मुलं हसतात. व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या अख्ख्या वर्गाला मिळून आठ कॉम्प्युटर होते आणि माणशी रोज एक तास. त्या तासासाठी आम्ही ताटावरून उठून धावायचो. फार सुखाचे दिवस होते ते, अजून आठवले की जीव हळवा होतो.

माझ्या प्रोजेक्टचा विषय होता, आपले विद्यार्थी इंटरनेट कशासाठी वापरतात. साठ फॉर्म वाटले आणि वर नाव लिहायला जागा ठेवली. तिथेच माती खाल्ली. फॉर्म संचालक मॅडम बघणार हे सगळ्यांना ठाऊक, मग काय, साठच्या साठ जणांनी ‘अभ्यास’वर खूण केली. ‘गप्पा’वर एकही नाही! तासभर चॅटिंग करून हसत बाहेर पडणारे सगळे एकदम साधुसंत झाले, आणि मी खुळी रंगीत आलेख काढून मोकळी झाले.

मॅडमनी तो वाचला आणि सोमवारपासून चॅटिंग बंद केलं. कुणाला नकोच आहे म्हटल्यावर ठेवायचं कशाला? आमचं हात दाखवून अवलक्षण झालं.

आठवड्याने लंबू माझ्याकडे आला. वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी बोलणारा.

“चॅटिंगचं काही करता येईल का गं?”

“तू पण? अरे, घरी फोन कर की.”

“धाकटीला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “फोनवर काय बोलू तिच्याशी? रोज चार वाजता ती शाळेतल्या कॉम्प्युटरवर माझी वाट बघते.”

मला स्वतःची लाज वाटली. तशीच मॅडमकडे गेले.

“मॅडम, माझा सर्व्हे खोटा आहे. मी स्वतःसुद्धा ‘अभ्यास’च लिहिलंय.”

“म्हणजे प्रोजेक्ट बाद. परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, कळतंय ना?”

“कळतंय.”

 मॅडमनी लॅबच्या सरांना फोन लावला.

चार वाजता मी नवे, बिननावाचे फॉर्म घेऊन लॅबमध्ये गेले. लंबूने मला हात करून बोलावलं. पडद्यावर धाकटीचं उत्तर आलं होतं.

“दादा, आठ दिवस किती शांत होतं.”