मैनाबाईचं नाव खाली आहे

मी एक ब्लॉग आहे. नाकं मुरडू नका. आजकाल ब्लॉग वाचतंय कोण, असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. माझी मालकीण अपेक्षासुद्धा आधी तेच म्हणायची. ती समुद्रकाठच्या दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातली. बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला जाते.

माझ्या जन्माआधी ती एका बड्या ॲपवर लिहायची. आई मैनाबाई सांगायची, लेक लिहायची. ओल्या बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून दोरीवर कशी टांगायची, कुठला वारा सुटला की लगबगीने उतरवायची, असं सगळं. चार वर्षांत हजारो वाचक जमले.

पण पान उघडताना अपेक्षाने नंबर दिला होता घरच्या मासेमारी बोटीवरच्या फोनचा. घरात तेव्हा तोच धड चालणारा फोन होता. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की तो फोनही पेटीत जाऊन बसतो. एका वर्षी तिचा भाऊ प्रीतम त्याचा रिचार्ज मारायलाच विसरला. नंबर बंद पडला आणि पुढे भलत्याच माणसाला मिळाला. अपेक्षाने नवा फोन घेतला, तेव्हा ॲपने ओळख पटवायचे आकडे त्याच जुन्या नंबरावर धाडले. झालं! आपल्याच पानात शिरायची तिची वाट बंद झाली. वापर नाही म्हणून काही महिन्यांनी ॲपने पानही काढून टाकलं. सगळं थेट फोनवर लिहिलेलं, वहीत एक ओळ नव्हती. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

"रडतं कशाला? मी हाय ना अजून," मैनाबाई म्हणाली. "परत सांगतं. पन आता सोताच्या जागंत लिव."

प्रयोगशाळेतली अपेक्षाची मैत्रीण स्नेहा वाणगावची. तिने अपेक्षाच्या नावावर इंटरनेटवरचा पत्ता घेऊन दिला आणि एका रविवारी मी जन्मलो. माझी एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात वेगळी ठेवलेली असते. पहिल्या महिन्यात मला वाचक तीन: अपेक्षा, स्नेहा, आणि प्रीतमच्या फोनवरून पुन्हा अपेक्षाच!

मग कारखान्यात तिची पाळी बदलली, कामाचा ताण वाढला आणि आठ महिने ती माझ्याकडे फिरकलीच नाही. माझी काही तक्रार नाही, असं म्हणणार होतो. पण खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

त्यातच, जुन्या पानामुळे अपेक्षाला ओळखणाऱ्या, पाककृतींच्या एका मोठ्या चॅनेलचा फोन आला. सगळा मजकूर द्या, आम्ही तो लाखो लोकांपर्यंत पोचवतो, नाव मात्र आमचंच राहील, असं त्यांचं म्हणणं. अपेक्षाचं मन डळमळलं. माझी तर पाचावर धारण बसली. मैनाबाई ओट्यावर जवळा निवडत होती. लेकीने तिला विचारलं.

"त्यात माजं नाव असंल?"

"नाय गं आई."

"मंग नको. माज्या आयशीनं मला शिकवलेलं हाय ते. चार मान्सांनी वाचलं तरी चालंल."

अपेक्षाने त्यांना नकार कळवला आणि त्याच संध्याकाळी माझ्यावर सुकटीच्या चटणीची कृती लिहिली; तळाशी, नेहमीसारखं, मैनाबाईचं नाव.

याला तीन वर्षं झाली. आज माझे वाचक शंभरच्या आसपास आहेत. तेवढ्यावर माझं चाललंय बरं. मैनाबाईला मात्र हल्ली विसरायला होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वाऱ्यांची. कामावरून आली की अपेक्षा तिला माझ्यातलं एकेक पान वाचून दाखवते. म्हातारी कान देऊन ऐकते, मान डोलावते.

परवा म्हणाली, "बरोबर सांगतंय हां ती बाई. कोन हाय गं? हुशार दिसतं."

अपेक्षाने पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि तिला नाव वाचून दाखवलं. म्हातारी लाजली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं.

तेव्हा वाचकहो, माझ्यातलं काय हवं ते न्या, करून बघा, शेजारणीला सांगा. फक्त खालचं नाव खोडू नका. एका बाईला ते रोज नव्याने वाचून दाखवावं लागतं.