हरण्याची नोकरी

धाकटीला पगार मिळत होता तो हरण्याचा. समोरच्या खोलीत तिच्या थोरल्या भावानं प्रकाशाचं यंत्र उभं केलं होतं: टेबलभर आरसे, काचेचे ठोकळे आणि त्यांतून वाट काढणारे प्रकाशाचे कण. कोणता कण कुठून बाहेर पडेल हा हिशेब साध्या संगणकाला झेपणारच नाही, असा दादाचा दावा होता. एक कण वाढवला की हिशेब दुप्पट. धाकटीनं संगणकावर यंत्राची हुबेहूब नक्कल करू बघायची आणि तोंडघशी पडायचं, की दादाचं म्हणणं सिद्ध. असली सोपी नोकरी शोधून सापडायची नाही.

पण हाती घेतलेलं अर्धवट सोडेल तर ती धाकटी कसली! संगणकाची मेमरी पुरेना, तेव्हा तिनं एक युक्ती काढली. निम्म्याहून जास्त कण आरशांतून जाता जाता वाटेतच हरवतात. पाहुणा यायचाच नसेल तर पान कशाला वाढायचं? हरवणारे कण तिनं आधीच वगळले, बटण दाबलं आणि चहा ओतायला उठली.

चहा ओतून होईस्तोवर उत्तर पडद्यावर हजर. यंत्राच्या नोंदींशी तंतोतंत जुळणारं.

तिला आभाळ ठेंगणं झालं. कप तसाच टाकून ती समोर धावली. "दादा, सुटलं! गणित सुटलं!"

दादा आरसा पुसत होता. त्याचा हात थांबला. "कुठलं गणित?"

"तुझ्या यंत्राचं," ती म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सुटलं म्हणजे नक्कल झाली. म्हणजे हे यंत्र आणि तिच्या टेबलाखाली घरघरणारा डबा यांत फरक उरला नाही. सोमवारी यंत्राला पैसे देणाऱ्यांची माणसं तपासणीला येणार होती. त्यांनी मान डोलावली नाही तर यंत्र बंद, खोली बंद, दादाच्या इतक्या वर्षांवर पाणी. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. हिनं भावाच्या पायावर पाडला, तोही नाचत नाचत.

"पुन्हा चालव," दादा म्हणाला.

तिच्या खोलीत येऊन तिनं बटण दाबलं. आपला प्रोग्रॅम बंद पडावा म्हणून जन्मात पहिल्यांदाच तिनं देवाला विनवलं. मेला बंद पडला नाही.

"आरसे बदलले तर?" तिनं विचारलं. "कण कमी हरवतील, मग माझी युक्ती चालायची नाही."

"याहून चांगले आरसे अजून कुणी बनवतच नाही."

तो आकड्यांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "चिमणे, हे जरा हळू करता येईल का गं? सोमवारपुरतं?"

लहानपणी तिनं पुस्तकाच्या मागे बघून उत्तर लिहिलं, तर ह्याच दादानं तिचा कान पिळला होता.

"येईल," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. "एक ओळ लिहिली की झालं."

"नको," तो घाईघाईनं म्हणाला. "नको लिहूस." तो तिच्याच खुर्चीत बसला. "पण मग सोमवारी त्यांना तूच सांग हं. माझ्यानं नाही व्हायचं."