मापाची बॅटरी आणि दसऱ्याचं लिंबू

वेगाच्या इतिहासात माझं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सध्या माझ्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'राकेश + संजना' एवढंच लिहून ठेवलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची. नाशिकला इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत राहते. एका लहानशा कारखान्यात कारागिरांनी माझा पत्रा हातांनी ठोकून घडवला. धनराजरावांनी मला आणलं तेव्हा गंगापूर रोडवर सिग्नल सुटला तरी रिक्षावाले माझ्याकडेच बघत राहत, आणि धनराजराव ऐटीत केसांतून हात फिरवत. आता हात आणि केस यांची गाठ क्वचितच पडते.

पुढे धनराजरावांचे गुडघे कुरकुरू लागले. माझ्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालणंच. मग मी नुसती उभी राहिले आणि उभ्या उभ्याच माझी बॅटरी मेली. बॉनेटवर कुरडया वाळल्या, सीटखाली मांजर व्यायली. मी तक्रार केली नाही. हॉर्नच वाजत नव्हता.

दसऱ्याला मात्र माझी पूजा चुकत नसे. झेंडूची माळ, हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू. ते लिंबू गाडीने आपल्या ताकदीने चिरडायचं असतं. माझ्या वेळी सोसायटीतले चौघे मागून खांदा देत. स्पोर्ट्स कारच्या जन्माला येऊन याहून काय भोगायचं राहिलं?

यंदा धनराजरावांच्या पत्नी सविताबाईंनी जाहीर केलं, "ही आपल्या पायांनी लिंबावरून गेली तर राहील. नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. ढकलगाडीला मी कुंकू लावणार नाही."

धनराजराव इरेला पेटले. मेकॅनिक आला, तेल बदललं, ताज्या पेट्रोलचा नैवेद्य झाला. राहिली ती बॅटरी. मीही मनाशी ठरवलं, जाईन तर लिंबावरूनच जाईन.

सविताबाईंचे भाऊ फकिरा चांदवडला कांदा पिकवतात. ते थेट ट्रॅक्टरचीच बॅटरी घेऊन आले.

"दाजी, हिच्यावर ट्रॅक्टर उठतो. ही तर तुमची चिमणी हाय!"

बॅटरी इतकी उंच, की बॉनेट बंद होईना.

"राहू द्या उघडंच," फकिरा म्हणाले.

"अरे, मग मला पुढचं दिसणार कसं?"

"लिंबू तर खालीच असतंय ना, दाजी!"

मग धनराजराव स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "प्लस डावीकडे की उजवीकडे?" धनराजरावांनी क्षणभर विचार केला. "उजवीकडेच द्या. शुभकार्य आहे."

माझी प्लसची वायर डावीकडची. ती ताणून ताणून अर्ध्यावरच थांबली. बॅटरी फिरवून ठेवली, तर टोकं पार मागे गेली.

"अहो, माप नेलं होतं का?" सविताबाईंनी विचारलं.

"डोळ्यांत होतं."

"मी शिंप्याकडे मापाचं ब्लाऊज नेते. डोळ्यांत नेत नाही."

त्यांनी माझी मेलेली बॅटरी बादलीत उभी केली आणि बादली स्कूटरवर पायांशी ठेवली.

"तुला तर गाडी भंगारात द्यायची होती ना?" धनराजराव चकित होऊन म्हणाले.

"द्यायचीच आहे. पण नापास करायचं तर आधी पेपर नीट द्यायला नको?"

दुकानात त्यांनी बादली पुढे केली. "याच मापाची द्या. उंची हीच, प्लस याच बाजूला. आणि कधी बनली ते दाखवा, शिळी नको."

दसऱ्याला धनराजरावांनी किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा खोकले. धनराजरावांनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाल्ले आणि गरजले! चाकाखाली लिंबू फचकन फुटलं.

"उठली की गं, अक्का!" फकिरा ओरडले.  सविताबाईंनी स्वतःच्या हाताने मला कुंकू लावलं.

मित्रांनो, जुन्या जिवाला मोठं काही लागत नाही, मापाचं लागतं. आणि अधूनमधून फिरवून आणावं लागतं. एवढं केलंत तर आम्ही मरेपर्यंत तुमच्यासाठी धावू.

आत्ता सगळे घरात श्रीखंड खात आहेत. धनराजराव आनंदाच्या भरात माझे दिवे चालूच ठेवून गेलेत. स्टेअरिंगच्या डाव्या हाताला बटण आहे. तेवढं कुणीतरी बंद कराल का?