सेपची जागा

ओक्तावने बायकोचा डावा बूट उलटा धरला आणि चाकूच्या टोकाने तळव्याच्या खाचेतून चेस्टनटच्या बोंडाचा काटेरी तुकडा उकरून काढला. तो ओट्यावर ठेवला, चष्मा लावला आणि परत नीट पाहिला. सोलांज सकाळी त्युल शहरात बहिणीकडे जाऊन आली होती. बहीण राहते चौथ्या मजल्यावर, आणि खाली उतरलं की डांबरी रस्ता, बसथांबा आणि औषधाचं दुकान. तिथे चेस्टनट कुठला आला?

“काय करतोयस?” सोलांजने दारातून विचारलं.

“बूट साफ करतोय.”

“माझे? चौतीस वर्षांत पहिल्यांदाच! बरं वाटत नाहीये का?”

“चिखल होता.”

“असेल,” ती म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली. बहिणीबद्दल मात्र अवाक्षर बोलली नाही. एरवी बहिणीकडून आली की जेवण होईपर्यंत तिची टकळी थांबत नसे.

ओक्ताव बाहेरच्या खोलीत गेला आणि खुंटीवरच्या तिच्या कोटाच्या खिशात त्याने हात घातला. लाज वाटली, पण घातला. चार घड्यांचा एक कागद निघाला. ‘बुधवारी दहा वाजता, धुण्याच्या जुन्या हौदापाशी. ओक्तावला कळू देऊ नकोस.’ खाली सही नव्हती. सही हवी कशाला? सदतीस वर्षं ओक्तावने या गावात टपाल वाटलं होतं. पाकीट उघडायच्या आधी अक्षरावरून तो माणूस ओळखायचा. हे घसरत्या छपरासारखं तिरकं अक्षर लेओंसचं होतं.

आता, ओक्तावचा स्वभाव संशयी नव्हता असं म्हटलं तर अख्खं गाव हसेल. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, जत्रेत सोलांज दंतवैद्याबरोबर लागोपाठ दोनदा नाचली म्हणून याने त्या दंतवैद्याची पायरी चढणंच सोडलं होतं. त्यापायी दोन दाढा गेल्या, पण हा गेला नाही. पाववाला, गायकवृंदाचा मास्तर, एकदा तर खुद्द पाद्री, कोणीही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. सुटला होता तो फक्त लेओंस. गावातल्या निम्म्या घरांवर पाटीच्या दगडाचं छप्पर चढवणारा, बायको ना मूल असा लेओंस. दोघं एका बाकावर शिकले, एकाच पलटणीत भरती झाले, आणि चाळीस वर्षं दर रविवारी एकाच टेबलावर पत्ते खेळले. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्याच हातावर घ्यायचा.

आणि तरी रविवारी जिनेतच्या कॅफेत पत्ते पिसताना ओक्ताव त्याला न्याहाळत होता. लेओंसचं पोट गायब झालं होतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती. शर्ट नवा, एक माप कमी.

“तुझा नेहमीचा ग्लास?” जिनेतने विचारलं.

“नको. पाणी दे.”

“पाणी! अगं बाई! लेओंस, आजारी पडलास की प्रेमात?”

“दोन्हीला औषध नाही,” लेओंस हसला. “वाट पत्ते, ओक्ताव. किती पिसशील?”

ओक्तावच्या कानशिलात रक्त तापलं. अडुसष्टाव्या वर्षी दारू सोडून, पोट उतरवून, नवे शर्ट शिवतोय! कोणासाठी? त्याने हुकमाचा गुलाम भलत्याच वेळी टाकला आणि डाव घालवला.

शेजारच्या टेबलावर सेपच्या गोष्टी चालल्या होत्या. त्या ऑक्टोबरात ही जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी उदंड उगवली होती. सगळ्या गावाला लसूण परतल्याचा वास येत होता.

“कुठे मिळाल्या रे एवढ्या?” एकाने विचारलं.

“जंगलात,” दुसरा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

दुसरं उत्तर इथे मिळत नाही. इथल्या माणसाला मत कोणाला दिलं ते विचारा, सासूशी का वाजलं ते विचारा, सांगेल. सेपची जागा नाही सांगणार. सख्ख्या भावाला नाही, बायकोला नाही. बाप ती दाखवतो, तीही एकदाच, मरायच्या आधी. ओक्तावच्या बापाने भर फेब्रुवारीत, अळंबीचा मागमूस नसताना, बैलगाडीत खुर्ची टाकायला लावली होती. बर्फात काठी रोवून म्हणाला होता, ‘इथे.’ मार्चमध्ये गेला. ती जागा ओक्तावने सोलांजलाही दाखवलेली नव्हती. टोपली भरून यायची, ती साफ करायची, बदकाच्या चरबीत परतायची. एवढाच तिचा संबंध.

बुधवारी सोलांज साडेनऊला निघाली.

“बहिणीकडे?” ओक्तावने विचारलं.

“हो. गुडघा धरलाय तिचा.”

“कोणता?”

तिने कोटाचं बटण लावलं. “डावा.”

मागच्या आठवड्यात उजवा होता. ओक्ताव दहा मिनिटं थांबला, बापाची काठी घेतली आणि मागच्या वाटेने हौदाकडे निघाला. शिकारीचे दिवस होते. रानात जाताना गावातला शहाणा माणूस भडक नारिंगी जाकीट घालतो. पण नारिंगी जाकीट घालून बायकोवर पाळत कशी ठेवायची? त्याने मातकट कोट घातला होता, आणि दूर कुठे बार वाजला की तो झाडामागे आक्रसायचा. रानडुक्कर समजून कोणी गोळी घातली तर दफनाला लेओंसच खांदा देईल, या विचाराने त्याला आणखीच संताप आला.

हौदाच्या वरच्या चढावर ते दोघं त्याला दिसले. लेओंसने सोलांजचा दंड धरला होता. दर वीस-तीस पावलांवर ते थांबत. तो तिला हाताने काहीतरी दाखवी, ती मान डोलावी. मग एका जुन्या चेस्टनटखाली दोघं गुडघ्यांवर बसले. लेओंसने तिचा हात हातात घेतला आणि हळूच पाचोळ्यात नेला.

ओक्तावचा राग कुठल्या कुठे गेला. घरी परतल्यावर टेबलाच्या दोन बाजूंना दोन ताटं कशी मांडायची, रविवारी कुठे जायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. ही दोनच माणसं तर होती त्याला जगात. तो झाडाआडून बाहेर आला.

“बस्स झालं!”

सोलांज किंचाळली. आणि लेओंस? हाताला चटका बसावा तसा तिचा हात सोडून तो पालथा पाचोळ्यावर पडला. हातपाय पसरून, छाती जमिनीला टेकवून.

“काही नाहीये इथे!” तो ओरडला. “जा तू! काही नाहीये!”

त्याच्या काखेखालून एक तपकिरी टोपी डोकावत होती. कोपरापाशी दुसरी. पोटाखाली चांगल्या मुठीएवढ्या तीन.

ओक्ताव बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं. काठी टाकून तो मटकन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

“अरे गाढवा! अळंबी? मला वाटलं, तू माझी बायको पळवतोयस!”

“हिला?” लेओंस पडल्या पडल्या म्हणाला. “जेवताना एवढी बडबड करते. मी कशाला पळवू?”

“दोघंही मूर्ख आहात,” सोलांज म्हणाली. पण ती हसत नव्हती. ती लेओंसकडे बघत होती.

ओक्ताव म्हणाला, “पण तू हिला जागा दाखवलीस? अरे, तू तर...”

तो तिथेच थांबला.

लेओंस उठायचा प्रयत्न करत होता. एक हात जमिनीला टेकवून, दम घेत. कोट वर सरकला होता. पट्ट्याचं लोंबणारं टोक केवढं लांब होतं, ओक्तावला आता दिसलं. नव्या शर्टाच्या आत मान कशी काडीसारखी उरली होती, तेही.

खालच्या बाजूला बार वाजला. एक पाखरू उडालं.

“मला का नाही दाखवलीस?” ओक्तावने शेवटी विचारलं.

लेओंसने गुडघ्यावरची माती झटकली. “तुला कळलं असतं.”

“हिला कळलं नाही?”

“हिला तोंड बंद ठेवता येतं. तू रविवारी पत्ते टाकून माझ्याकडे बघत बसला असतास.” मग तो म्हणाला, “तसाही बसलाच होतास म्हणा. डाव घालवलास.”

ओक्तावने हात पुढे केला आणि मित्राला उभं केलं. काही वजनच लागलं नाही. त्याने काठी उचलून त्याच्या हातात दिली.

“चल.”

“कुठे?”

“माझी जागा लांब नाही इथून.”

“ओक्ताव!” सोलांज म्हणाली. “चौतीस वर्षांत मला कधी...”

“तूही चल.”

ओढा ओलांडून ते निघाले. ओक्ताव मुद्दाम गुडघा धरून लंगडत राहिला, म्हणजे हळू चालायला निमित्त झालं. लेओंसने ते ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. बीच वृक्षांच्या झाडीत, मोठ्या खडकामागे, एक शेवाळलेला उतार होता. ओक्तावने नेचे बाजूला सारले. खाली सेप दाटीवाटीने उभ्या होत्या.

“इथे,” तो म्हणाला. बाप म्हणाला होता तसंच.

लेओंसने एकदा उताराकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“ही होय? ही मला आपण पलटणीतून परतलो त्या वर्षापासून माहीत आहे.”

“खोटं!”

“वर मोर्ताल्यांच्या घराचं छप्पर घालत होतो. तिथून अख्खा उतार दिसतो. तू चोरासारखा इकडे तिकडे बघत वाकलास.”

“आणि इतकी वर्षं...” ओक्ताव म्हणाला. “इतक्या वर्षांत कधी...”

“एकही नाही,” लेओंस म्हणाला. “तुझी होती ना.”

सोलांजने तोंड फिरवून रुमाल काढला. ओक्तावने खिशातला चाकू उघडला. एकदा पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि मुठीची बाजू पुढे करून लेओंसला दिला.

“मोठी घे,” तो म्हणाला. “कडेची नको. ती किडकी असते.”